काळ्या पट्ट्या

रुवीतल्या खोलीत आम्ही सहा जण
आणि केरळला परत गेलेल्या कुणा वर्गीसचा
पाच रियालचा चौकोनी टीव्ही.

गुहागरहून डिस्क आली, सुलभाच्या लग्नाची,
लांबरुंद, हल्लीच्या पद्धतीची.
वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी,
मधल्या फटीत अख्खा मांडव.
नवरीची नथ म्हणजे तीन ठिपके,
तेही थरथरणारे.

"अर्धा टीव्ही फुकट गेला की रे,"
मुजावर म्हणाला
आणि रिमोटवरचं कुठलंसं बटण दाबलं.
पडदा भरला. चेहरे ताटाएवढे.
अंतरपाट, अक्षता, भटजींच्या कपाळावरचा घाम.
खोली खूश.

फक्त डाव्या कडेला
खांबाला टेकून उभे असलेले अण्णा
नव्हते.
मंगलाष्टकं संपली तरी नव्हते.
मधूनच एक हात आत यायचा,
पाण्याचा तांब्या ठेवून परत जायचा.

मी रिमोट मागून घेतला.
पट्ट्या आल्या.
अण्णा आले, नखाएवढे,
चष्मा पुसत.

कुणी काही बोललं नाही, एसी तेवढा घरघरत राहिला.
मग मुजावरनं त्याची खाट टीव्हीपाशी ओढली,
"बस इथे. जवळून बघ."

जवळून नुसत्या रेघा दिसल्या.
मी उठून पार दारापर्यंत
मागे सरकलो.