चांदण्यांचं पाकीट

भाऊसिंगजी रोडवर साठ रुपयांत
हजार चांदण्या मिळतात,
मागे डिंक, पुढे सोनं.
जूनमध्ये मी एक पाकीट घेतलं
आणि चौथीच्या भिंतीवर बत्तीस नावांचा तक्ता टांगला.

डी.एड.च्या वहीत मी कबूतर काढलं होतं :
चोचीनं कळ दाबतंय, दाणा पडतोय.
खाली तीन शब्द, लाल शाईत, अधोरेखित.
उद्दीपक. प्रतिसाद. प्रबलन.
दहापैकी आठ मिळाले.
दोन का गेले ते सरांनी सांगितलं नाही.

पाढा म्हटला, चांदणी.
हात वर करून बोललं, चांदणी.
श्रावणापर्यंत वर्ग असा सुतासारखा सरळ झाला
की केंद्रप्रमुख तक्त्याचा फोटो काढून घेऊन गेले.
हुजेफ मुल्लाणी तर डबा खातानाही
डावा हात वर धरून बसायचा.

फक्त शिवलीलाची ओळ रिकामी.
गंगावेशीतली गवळ्याची पोर,
पहाटे कट्ट्यावर धारा काढून येते,
पहिल्या तासाला पेंगते,
वहीच्या पानांना कच्च्या दुधाचा वास.
एकदा तिचं भागाकाराचं गणित बरोबर आलं.
मी चांदणी पुढे केली.
"तक्त्यावर नको बाई, हातात द्या," म्हणाली
आणि कंपासपेटीत ठेवून दिली.

पाडव्याला ती चांदणी मला दिसली
म्हशीच्या कपाळावर.
शिंगं रंगवलेली, मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ,
आणि पुढे सायलेन्सर काढलेली गाडी, कानठळ्या बसवत.
गाडीवर मागे तोंड करून शिवलीला.
दावं नाही, काठी नाही,
म्हस मात्र मागच्या दिव्याला नाक लावून
धावतेय सगळा रस्ता.

सुट्टी संपल्यावर विचारलं,
कसं शिकवलंस गं?
सहा महिन्यांत पहिल्यांदा ती सलग बोलली.
"रेडकू हुतं तवापास्नं, बाई.
आधी गाडी नुसती उभी करून चालू करायची,
आवाज झाला की पेंड.
मग चार पावलं ढकलायची, पेंड.
मग कधी द्यायची, कधी न्हाई.
मग मी द्यायचंच सोडलो."
सोडलो. आमच्याकडच्या पोरी म्हणतात तसंच.

माझ्या वहीतलं तिसरं प्रकरण,
एका व्याख्येशिवाय.

"मग आता ती कशासाठी पळते?"
गणित चुकलेल्या पोराकडे मी बघते
तशी ती माझ्याकडे बघत राहिली.
"मी असतो की गाडीवर.
आबा एकटं बसलं तर
जागची हलत न्हाई मोरणी."

जानेवारीत पाकीट संपलं.
दुसरं आणायला निघाले,
बिंदू चौकातूनच परत फिरले.
आठवड्याभरात हात खाली आले,
पाढे तेराच्या पुढे सरकेनात.
कुणीतरी विचारलंच,
"बाई, चांदणी न्हाई, मग वाचायचं कशाला?"
उत्तर मला येत नव्हतं.
पुस्तक मिटलं, खुर्ची पुढे ओढली
आणि लहानपणी नदीचं पाणी घरात शिरलं
त्या रात्रीची गोष्ट सांगायला लागले,
माळ्यावर आम्ही सात जण आणि एक कोंबडी.

घंटा झाली. सगळे उठले,
दप्तरं, चपला, दारात रेटारेटी.
हुजेफचा हात तेवढा वर.
सवयीनं माझा हात ड्रॉवरकडे गेला.
"संपल्यात रे."
"त्यासाठी न्हाई बाई,
कोंबडीचं काय झालं?"