तीन बोटं

म्हापशाला, फार्मसीच्या वरच्या माळ्यावर
डॉक्टर ऑलिंडा कुलासो हातमोजे चढवतात
आणि म्हणतात, तोंड उगड.
उघडतं तेवढं उघडते.
कानापुढे कट् असा आवाज होतो,
कुलपात चावी अर्धीच फिरावी तसा.
तुमचीच तीन बोटं उभी घाला पाहू, त्या म्हणतात.
दोन मावतात.
तिसरं दारातच थांबतं,
चपला न काढता.

सुरुवात कानापासून झाली होती.
लसणीचं तेल घालून झालं.
कानाचा डॉक्टर म्हणाला, कान छान आहे.
दातांचा म्हणाला, झिजलेत, किडलेले नाहीत.
किडलेलं कुठे काहीच नाही
आणि दुखतं मात्र कानशिलापासून मानेपर्यंत.
सुदिन म्हणाला, रात्री तू काहीतरी दळतेस.
मी म्हटलं, मी झोपलेली असते.
म्हणूनच, तो म्हणाला.

डॉक्टर अंगठा ठेवतात
गालाच्या त्या कोपऱ्यात
जिथे दात मिटले की गाठ उभी राहते.
दाबतात.
खाली शुक्रवारचा बाजार भरलाय,
कुणीतरी मिरच्यांचा भाव ओरडतंय,
आणि माझ्या एकाच डोळ्यातून पाणी.
हा चावायचा स्नायू, त्या सांगतात, फार जोरकस.
काम दिलं नाही तर
स्वतःच शोधून काढतो.
काय चावता दिवसभर? सुपारी? चिंगम?
काही नाही, मी म्हणते.

डिचोलीच्या कचेरीत माझं टेबल खिडकीपाशी.
एक-चौदाचे उतारे, नकाशे, शिक्का, पॅड.
मार्चात एका डोंगरकडेची फाइल आली.
सातवीत असताना त्याच कडेवरून मी
करवंदांच्या जाळीपासून थेट पाटापर्यंत घसरले होते,
फ्रॉक फाटला होता, गुडघ्यावर खूण अजून आहे.
साहेब म्हणाले, सपाट लिही.
मी लिहिलं,
सपाट.
शेजारच्या आग्नेलनं माझ्याकडे पाहिलं,
मग पंख्याकडे.
त्या संध्याकाळी चहात बुडवूनसुद्धा
पोदेराचं काकण चावलं गेलं नाही.
हे मी डॉक्टरांना सांगत नाही.
त्या विचारतात ते सुपारीचं.

दिवसातून तीनदा ऊन पाण्यात पिळलेला टॉवेल.
जांभई आली तर हनुवटीखाली मूठ.
उंडो बंद, सुको बांगडो बंद, काजू तर नावच नको.
पेज चालेल. सोलकढी चालेल.
बोटांनी गोल गोल चोळायचं, आरशात बघत,
कणीक मळतो तसं नाही, हळू,
तान्ह्याच्या टाळूला तेल लावतो तसं.
रात्रीसाठी दातांच्या ठशावरून बनवलेलं
एक पारदर्शक आवरण.
सकाळी डबीत ठेवलं की
ते माझ्याशिवायच हसत असतं.

आणि हे, कागदावर ठळक अक्षरात:
ओठ मिटलेले. दात सुटे. जीभ टाळूला, हलकीच.
मी दोनदा वाचते.
पंचवीस वर्षं मला वाटत होतं
ओठ मिटायचे तर दात आवळावेच लागतात.

आता शाईच्या पॅडवर एक लाल टिकली चिकटवलीय.
दिसली की दात सोडायचे.
दिवसात किती वेळा दिसते, मोजलं नाही.
आग्नेल म्हणाला, पॅडाचं लग्न झालं काय?
मी हसले, आणि कट् झालं नाही.
किंवा झालं असेल, पंख्याच्या आवाजात.

पाचव्या खेपेला मी डॉक्टरांना विचारते,
बोलल्यानं दुखणं वाढेल का?
बोला की, त्या म्हणतात, हळूहळू बोला,
एकदम मोठा आ करू नका.
हातमोजे काढता काढता म्हणतात, बोटं बघूया.

एक. दोन.
तिसऱ्याचं नख आत जातं, मग पहिलं पेर,
तिथे अडतं.
जिभेला शाईची चव लागते,
कचेरीतली,
जांभळी.