बरगे

गाठीबरोबर काखेतल्या बारीक गाठीही गेल्या,
तेव्हापासून डावा हात भरतो.
पाटल्या डब्यात.

हे राजाराम बंधाऱ्यावर होते,
बरगे घालण्या-काढण्यात जन्म गेला.
रात्री माझा हात मांडीवर घेतात,
पण सुरुवात गळ्यापासून, हाडामागच्या खळगीपासून:
"पुढची वाट मोकळी केल्याबिगर
मागचं पाणी हलतंय व्हय?"
मग दंड. मग कोपर. मनगट शेवटी.
जोर नाही, कातडी तेवढी सरकवायची.

या पाण्याला पंप नाही, डॉक्टरीण म्हणाली.
श्वासानं चढतं, मूठ मिटली की चढतं,
झडपा त्याला मागं येऊ देत नाहीत.

मिटते. उघडते.
बावड्यात लाईट जाते,
नदीकाठच्या मोटरी एकदम गप्प.
हे अंधारात माझी मूठ चाचपतात,
"आपली चालू हाय."