चौऱ्याहत्तर दिवस

रस अल खैमात आमचा कारखाना ताटल्या करतो.
मी भट्टीच्या तोंडाशी.
दिवसाला अकरा हजार पांढऱ्याशुभ्र
माझ्या हातमोज्यांखालून जातात, हॉटेलांकडे,
आणि मी जेवतो चांदीच्या कागदाच्या डब्यात:
पराठा, तळलेली कोंबडी, कोला,
रात्रपाळीला झोप उडवायचं ते पिवळं पेय, दोन डबे.
सहा वर्षं.

गेल्या सुट्टीतलं राहिलं नाही.
नवव्या आठवड्यात गेलं.
गुहागरला रसिकाच्या ताटाची झडती झाली.
पपई खाल्लीस का. अननस? तीळ?
उपास कुणी धरायला सांगितला होता?
आत्यानं तर तिच्या माहेरच्या लोणच्यालाही सोडलं नाही.
माझं ताट समुद्रापलीकडे,
ते कुणी उघडून पाहिलं नाही.
मीही नाही. फोनवर म्हणालो,
"काळजी घ्यायचीस ना जरा."
हे वाक्य अजून घशात आहे, काट्यासारखं.
भाताचा गोळा गिळून जात नाही.

साखर तपासायला नखीलच्या दवाखान्यात गेलो.
डॉक्टर शाहिना, कोळिकोडच्या. मूल हवंय का विचारलं,
आणि कागदावर लिहिलं: ७४.
साधारण एवढे दिवस लागतात बीज तयार व्हायला.
आज खाशील ते अडीच महिन्यांनी तिच्या पोटी पाहुणं जाईल.
म्हटलं, म्हणजे ते जे गेलं, ते...
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"ते कुणालाच सांगता येणार नाही.
उंदरांत बरंच दिसलंय, माणसांचं अजून शोधतायत.
पण बाप म्हणजे नुसता टपालवाला, असं नाही.
पत्रात त्याचंही अक्षर असतं."

सुट्टीला एक्क्याऐंशी दिवस होते.
सात मी विचारात घालवले.

मग कोला सोडला. डोकं चार दिवस ठणकलं.
मासळीबाजारातून तारल्या,
हमरानियाच्या मळ्यातला मुळा, पाल्यासकट,
अक्रोड मोजून चार.
भट्टीवरून पॅकिंगला बदली मागितली.
फोरमन म्हणाला, सहा वर्षांनी ऊब लागायला लागली?
कारण कसं सांगणार.

खोलीत मात्र कळलंच.
कुमिल्लाचा मिझान म्हणाला, कितवा महिना, भाऊ?
हसण्यानं लोखंडी पलंग हलले.
शुक्रवारी पाहतो तर जमिनीवर वर्तमानपत्रं,
मिझानची हिलसा, टिकारामचं गुंद्रुक,
स्वातच्या गुलरोझचे खजूर.
आमच्याकडे पोटुशीचं काय करतात
ते मीच कधीतरी सांगितलं होतं.
हिरवी साडी नव्हती, हिरवा टॉवेल टाकला खांद्यावर.
दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या.
पेढा की बर्फी?
एक उघडली, मग दुसरी.
दोन्हींत भिजवलेले चणे.
हसता हसता मी भिंतीकडे तोंड केलं.

रात्री रसिकाचा फोन. रोजचंच, जेवलात का.
सहा वर्षं "हो" म्हणत आलो, एका अक्षरात.
त्या रात्री घास न् घास सांगितला.
मग तो आकडा, डॉक्टरांचं बोलणं,
आणि माझं ते मागचं वाक्य.
बराच वेळ पलीकडे फक्त पंखा.
"चणे सालीसकट खा," ती म्हणाली.
आणखी काही बोलली नाही. फोनही ठेवला नाही.

आज एकसष्टावा.
एक नापास ताटली मागून घेतलीय,
कडेला झिलईला टाचणीएवढा फोड.
तिच्यातच जेवतो, धुतो, उशाशी ठेवतो.
बॅगेत मावते का पाहिलं.
मावते.