एक हात चुना

मुहर्रकच्या या घरात मी आधी टेप घेऊन शिरलो,
मग चपला काढून.
भिंती प्रवाळाच्या. नखानं खरवडलं
की अजून समुद्र निघतो, पिठासारखा.
छताला आफ्रिकेतल्या तिवरांचे वासे, दोन पुरुष लांब,
म्हणून सगळ्या खोल्या अरुंद.
माप इथं झाडानं घेतलेलं, मी नुसतं उतरवून घेतो.

नकाशावर आता लिहिलंय: कँटोनी संस्कृती केंद्र.
वायुमनोऱ्याखाली चहा.
खजुराच्या कोठारात, जिथं पोती रचली की
पाक आपसूक पन्हळीतून ओघळायचा,
तिथं सिंहाची कागदी मुंडकी, पापण्या हलणारी.

याउ सुक-यी बाई रोज विचारतात, सिक जो फान मेई?
म्हणजे, जेवलास का.
आमच्या देवरुखात नमस्काराऐवजी हेच चालतं,
तेवढं वाक्य शिकावं लागलं नाही.
बाकी कठीण.
"सी" म्हण, त्या सांगतात. उंच धरलास तर कविता.
मधून वर चढवलास तर इतिहास.
मध्येच सपाट ठेवलास, प्रयत्न.
खाली सोडून दिलास, वेळ.
खालूनच जरासा उचललास तर बाजार,
आणि न उचलता तसाच ठेवलास
तर काम, भानगड, जे असेल ते.
मी इतिहास म्हणतो, तो बाजार होतो.
दर वेळी.

मंगळवारी उत्तरेच्या खोलीचा गिलावा उतरवला.
खाली आकडे. कोळशानं, अरबीत.
पाणबुड्यांची खाती: नाव, उचल, तांदूळ, पुन्हा उचल.
जौहर नावाच्या कुणाची बाकी
मुलाच्या नावावर ओढलेली.

नायलाबाई आल्या, गाडीची किल्ली मुठीत,
उभ्यानं वाचत राहिल्या.
आजोबांचं अक्षर, म्हणाल्या. झाकून टाका.
याउ बाई म्हणाल्या, राहू दे.
माझा पणजोबा असाच उचल घेऊन बोटीत चढला,
त्याची तर भिंतसुद्धा नाही.
मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.
मी घमेल्याकडे.

घर नायलाबाईंचं. झाकलं.
आमच्या भाषेत चुना लावणं म्हणजे फसवणं,
हे मी कुणालाच सांगितलं नाही.
एकच हात दिला, ताकासारखा पातळ.
ऑगस्टात इथली हवा भिंतीतून मीठ ओढते,
आणि ओला चुना काही लपवत नाही.

उद्घाटनाला झांजा वाजतील, सिंह उंबऱ्यावर लोळेल.
मी तेव्हा सित्र्याला, दुसऱ्या कामावर.
नंतर कधीतरी, दमट दुपारी,
सोंगट्या मांडता मांडता एखादं पोर
भिंतीकडे बोट करून विचारेल, हे काय?
बाई म्हणतील, सी.
सूर त्याला नीट ऐकू येवो.