आवाजाला रकाना

आठल्ये बाई म्हणाल्या, मुळासकट घ्या पासलकर,
फूल हवं, शेंग हवी, माती झटकून.
मी खुरपं घातलं.

वेताळ टेकडी. खाणीची कड.
गिरिपुष्पाची सावली संपते
आणि उन्हाला कुणी अडवत नाही,
तिथं खुळखुळा, गुडघाभर.
वरची पाकळी निशाणासारखी ताठ, पिवळी,
खाली दोन पंख मिटलेले, आत होडी.
बाईंच्या भाषेत ध्वजक, पंखक, नौतल.
एवढं आरमार,
आणि पाणी म्हणाल तर खाणीच्या तळाशी
हिरवं साचलेलं, पंचवीस हात खाली.

शेंगा वाळून काळ्या पडलेल्या.
झुडूप ओढलं तशा सगळ्या एकदम बोलल्या.
फिरायला आलेल्या कुणाचं तरी गुबगुबीत कुत्रं
कान टवकारून चार पावलं मागं सरलं.
मीही सरलो, खोटं कशाला बोला.

मग आठवडाभर दाबात.
टिपकागद, वर्तमानपत्र, टिपकागद;
कांद्याच्या भावावर आडवं निजवलेलं झाड.
मग जाड कागद, सुईदोरा.
माझ्या टाक्यांचं बाई कौतुक करतात.
आई गोधड्या शिवायची, तो हात
सरकारी कपाटात असा कामाला आला.

कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची.
कुळ. जात. ठिकाण, पुणे. समुद्रसपाटीपासून उंची.
फुलाचा रंग, कारण वाळल्यावर तो राहत नाही.
गोळा करणाऱ्याचं नाव : तिथं बाईंचं.
ते असू दे.
मी विचारलं, आवाजाला रकाना कुठंय?

बाई चष्म्यावरून बघत राहिल्या.
म्हटलं, रंग जातो म्हणून लिहितो ना आपण?
मग हाही जातोच की, शेंग दाबली की.
बाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं,
परत काढलं, आणि शेऱ्यात लिहिलं :
शेंगा फुगीर, बिया सुट्या.
चूक काहीच नाही त्यात.
ऐकू येत नाही, एवढंच.

एक अख्खी शेंग माझ्या खिशात राहिली.
महिनाअखेर होती.
गेटवरचा साळुंखे म्हणाला, काय पासलकर,
आज खिसा खुळखुळतोय?
म्हटलं, फरक मिळालाय. सातव्या आयोगाचा.
तो दोन दिवस ऑफिसात चौकशी करत होता.

जनवाडीत आमच्या दाराशी
ड्रेनेजचं झाकण आहे, एका कोपऱ्यात फुटलेलं.
धुणं धुताना हिनं शेंग तिकडं फेकली असणार.
वर्ष गेलं. फुटक्या कोपऱ्यातून
एक रोप वर आलंय, कुणी न बोलावता.
कॉर्पोरेशनचा माणूस उपटायला वाकला
तर हीच म्हणाली, राहू द्या, औषधी आहे.
कशावर औषध, ते त्यानं विचारलं नाही
आणि तिलाही ठाऊक नव्हतं.

आता फुलं आलीत.
येणारे-जाणारे थांबून बघतात, फोटो काढतात.
फुलांचं मला विशेष काही नाही.
मी शेंगा काळ्या व्हायची वाट बघतोय.