तोलाराचं म्हणणं

हमाल म्हणाले, पोत्याला बारा. अडते म्हणाले, आठ.
बाळगोंडा अण्णांनी चहा मागवला,
पिवळ्या बोटांनी कपाळ पुसलं : दहा.
संध्याकाळी सांगलीच्या यार्डात हळद हलली,
कुणाचं डोकं फुटलं नाही.
हे मी विसरत नाही; त्या दुपारी
माझा भाऊ दगड घेऊन उभा होता.

पुढच्या वर्षी अडते शहाणे झाले,
चारपासून बोलू लागले.
हमाल बारावरच.
अण्णांचा मध्य
गुपचूप आठावर सरकला.
चहा तेवढाच गोड.

काटा मधे थांबला
की वजन बरोबर, असं शिकलो मी;
पण आधी पारडी रिकामी ठेवून
बघायची असतात.

अण्णांना एकदा हे सांगितलं.
म्हणाले, निम्मं पटलं.